कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

“तुम्ही या कारखान्यात नेमकं काय काम करता?” फोनने विचारलं.

मामांनी फोनकडे पाहिलं. बाईंकडे नाही, कॅमेऱ्याकडेही नाही, बाईंच्या हातातल्या फोनकडे. मग घसा साफ केला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फोनला सांगितलं, “आमच्या कंपनीत गुणवत्तेला सर्वोच्च प्राधान्य दिलं जातं.”

मी कॅमेरा थांबवला.

“चुकलं का?” मामांनी विचारलं.

“चुकलं नाही मामा. फक्त फोनकडे बघू नका. बाईंकडे बघा, बाईंशी बोला.”

“अहो, पण विचारतोय तर फोन!”

ज्याचा आवाज येतो त्याच्याकडे माणूस बघतो. आदल्या संध्याकाळी बाईंनी सगळे प्रश्न फोनमध्ये टाइप करून ठेवले होते. बटण दाबलं की फोनमधली कुणीतरी मुलगी ते वाचून दाखवायची. युक्ती माझीच होती आणि मला ती फार हुशारीची वाटली होती. मामांची नजर कुठे जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आयुष्य कॅमेऱ्यामागे घालवलेल्या माणसाला एवढंही सुचू नये, म्हणजे कमालच.

आम्ही कंपन्यांच्या फिल्म बनवतो. पाण्याच्या टाक्या, वजनकाटे, रंगांचे डबे, बँका. कुणी तिकीट काढून बघायला जाणार नाही, पण ज्यांच्याशिवाय एकही मोठा साहेब पाहुण्यांसमोर उभा राहत नाही, अशा फिल्म. मी कॅमेरा धरतो. चित्रीकरण कापून जोडणाऱ्या आमच्या एडिटरला सगळे कात्री म्हणतात. आणि प्रोड्यूसर म्हणजे आमच्या बाई. प्रोड्यूसर म्हटलं की लोकांना पैसेवाला शेठ डोळ्यांसमोर येतो. आमच्या धंद्यातला प्रोड्यूसर म्हणजे घरच्या कार्यातली मोठी जाऊ. राबायचं सगळं तिने, आणि फोटो काढायच्या वेळी ती स्वयंपाकघरात. परवानग्या काढायच्या, आवाज नको म्हणून कॉम्प्रेसर बंद करायला लावायचा, साहेबांच्या कपाळावरचा घाम टिपायचा, साहेबांनी तिसऱ्यांदा तेच वाक्य चुकवलं की “छान झालं, आता आणखी एक गमतीत करू” म्हणायचं. आणि काही बिघडलंच तर शिव्याही तिनेच खायच्या.

पण बाईंचं खरं काम होतं ते खुर्चीतलं. कुणाची मुलाखत घ्यायची असली की कॅमेऱ्याला अगदी खेटून एक खुर्ची ठेवतात. विचारणारा तिथे बसतो. बोलणारा त्याच्याकडे बघून बोलतो आणि पडद्यावर तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. बाईंचा आवाज गोड वगैरे नव्हता. जरा घोगरा, घरातल्या माणसासारखा. “काय हो, जेवलात का?” याच सुरात त्या पुढचं सगळं विचारायच्या. आकडे पाठ करून आलेला एक मोठा साहेब त्यांच्यापुढे बसला आणि वडिलांचे बूट घालून कारखान्यात पहिल्यांदा आला होता ते सांगत सुटला. बूट दोन बोटं मोठे होते, कागद कोंबून घातले होते. ती फिल्म लोकांच्या लक्षात राहिली ती बुटांमुळे. आकडे सगळे विसरले, साहेबसुद्धा.

मग घोगरेपणा वाढला. आम्ही चेष्टा करायचो. कात्री म्हणायचा, “बाई, तुम्ही फोनवर बोललात की गिऱ्हाइकाला वाटतं कॅमेरामन बोलतोय.” बाई हसायच्या आणि खोकायच्या. पुढे चेष्टा करण्यासारखं काही उरलं नाही. ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढली. आता त्या गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेतात आणि त्यावर सुती रुमाल बांधतात. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं होतं. पहिल्यांदा लावलं आणि फोनवर नातीला हाक मारली, तर पोर घाबरून रडायला लागली. यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

त्या दिवशी सकाळी गाडीत बाईंनी त्यांची पुसायची पाटी माझ्यासमोर धरली होती. लिहिलं होतं, “आज जमलं तर ठीक. नाही तर बंद करू.”

“काय बंद करू?” मी विचारलं, कळलं असूनही.

“काम. मुलीकडे जाते,” त्यांनी पाटीवर लिहिलं.

मी गाडी चालवत राहिलो. बाई काम सोडते म्हणाल्या, म्हणजे खरंच सोडतील, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा पक्कं कळलं.

कारखाना हॉस्पिटलचे बेड बनवणारा होता. एका बाजूला नळ्या वाकवायचं, जोडायचं, रंगवायचं काम. शेवटी एक लांबट, उजळ खोली, तिथे तयार झालेले पांढरे बेड रांगेने उभे. प्रत्येक बेड बाहेर जाण्याआधी मामा त्यावर आडवे होतात, डोक्याकडची बाजू वर घेऊन बघतात, खाली घेऊन बघतात, कठडे ओढतात, आणि मगच शिक्का बसतो. दिवसभर पडून पगार खातात म्हणून सगळे त्यांना कुंभकर्ण मामा म्हणत. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. फिल्ममध्ये ते हवेतच, असं बाईंनी आजारपणाच्या आधीच, कारखाना बघायला आल्या तेव्हा ठरवलं होतं.

फोनचा प्रयोग फसल्यावर कंपनीच्या जाहिरात विभागाच्या मॅडम पुढे आल्या. म्हणाल्या, “मी विचारते. आमच्यातलंच माणूस, मोकळेपणाने बोलतील.”

मॅडम बाईंच्या खुर्चीत बसल्या. बाई भिंतीशी उभ्या राहिल्या.

“मामा, तुम्हाला तुमचं काम आवडतं ना?”

“होय मॅडम.”

“का आवडतं?”

“चांगलं आहे मॅडम.”

“कधी कंटाळा येतो का?”

“नाही मॅडम! कंटाळा कसला?” मामा खुर्चीतून अर्धे उठलेच. वर तक्रार गेली की काय, असं त्यांना वाटलं असावं.

मग मी कॅमेऱ्यामागून विचारून पाहिलं. मी उभा, ते बसलेले. त्यांची नजर वर गेली आणि ते छताशी बोलत असल्यासारखे दिसायला लागले. आणखी एकदा गुणवत्तेला सर्वोच्च प्राधान्य मिळालं. मामांच्या कपाळावर घाम आला होता. “माझ्याने नाही होणार हो,” ते म्हणाले. “दुसरं कुणीतरी घ्या. तो रंगवाला चांगला बोलतो.”

मॅडमनी मला बाजूला घेतलं. स्वभावाने वाईट नव्हत्या त्या. बाई हॉस्पिटलात असताना दोनदा येऊन बसून गेल्या होत्या. “हे बघा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मामा बोलले नाहीत तर आपण नट आणू, वेळ निभावून नेऊ. पण वरच्यांना दुसरी एक कंपनी आवडली आहे. यंदा मी शब्द टाकला, बाईंची तब्येत बघून टाकला. पुढच्या वेळी नाही टाकता येणार. बाईंना तुम्हीच नीट समजावून सांगा.”

बाई आमच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. आवाज गेलेल्या माणसासमोर लोक तो बहिरा असल्यासारखं बोलतात, हे मी त्या काही महिन्यांत पुष्कळदा पाहिलं होतं. त्या दिवशी मीसुद्धा मान डोलावून ऐकून घेतलं. बाई पंख्याच्या बटणांकडे बघत होत्या.

तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. तिचे फोन रोज येतात. ती बोलते आणि बाई नखाने फोनवर टिचकी मारतात. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

“आई, जेवलीस?”

टिक.

“दमलीस का?”

बाई जरा थांबल्या. टिक टिक.

“खोटं नको बोलूस. तुला बोलता येत नाही तरी खोटं बोलतेस. ऐक, यांनी तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली. खिडकीत दिवसभर ऊन असतं. आता कुणासाठी एवढी मर मर करतेस? ये ना इकडे. येतेस का?”

बाईंचं नख फोनवर तसंच टेकलेलं राहिलं. टिचकी आली नाही.

“बरं, संध्याकाळी करते,” मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाईंनी पाटी घेतली. “सगळे बाहेर,” असं लिहून माझ्यापुढे धरली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. त्या गेल्या, दिवे धरणारा गेला. मी दार लावून घेतलं. बाईंनी पाटी पिशवीत ठेवली, फोनही ठेवला, आणि रिकाम्या हातांनी येऊन खुर्चीत बसल्या.

“बाई, प्रश्न कोण विचारणार?” मी म्हणालो.

त्यांनी बोटाने खूण केली, कॅमेरा सुरू कर.

सुरू केला. हेडफोन कानाला लावला. बाई मामांकडे बघत बसल्या. मामा बाईंकडे बघत बसले. मामांनी सदऱ्याची बाही खाली ओढली, परत वर केली. “विचारा ना,” ते म्हणाले. बाई बघतच होत्या.

हे बघणं काय होतं ते सांगायला हवं. मुलाखत घेणाऱ्याला समोरचा बोलत असताना तोंडातून आवाज काढता येत नाही. एखादं “हं” गेलं तरी ते त्याच्या शब्दावर पडतं आणि वाक्य वाया जातं. आपल्याकडे हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि बाईंना तर हुंकाराशिवाय ऐकायचं होतं. म्हणून इतकी वर्षं त्यांनी ते सगळं भुवयांत आणि हनुवटीत आणून ठेवलं होतं. मी कायम भिंगातून समोरच्या माणसाकडे बघत असतो, त्यामुळे शेजारी काय चाललंय ते मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी मान वळवून पाहिलं. त्या चेहऱ्याला कसलीही घाई नव्हती. आपण काही सांगितलं तर ते नीट ठेवून घेतलं जाईल असं वाटणारा चेहरा होता तो.

“गळ्याचं झालं का हो?” मामांनी एकदम विचारलं.

बाईंनी मान हलवली.

“पुष्कळ दिवस पडून होतात?”

पुन्हा मान.

“बेड कुणाचा होता, पाहिलंत का? पायथ्याशी पट्टी असते.”

बाईंनी हात उलटा केला. कोण बघतंय?

“तेही खरंच. आमचा असला आणि त्रास झाला असला तर सांगू नका बाबा, निवृत्तीच्या तोंडावर,” मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. बाईही हसल्या. त्यांच्या हसण्यात आता नुसते खांदे हलतात. मामा ते खांदे बघत राहिले. मग पुढे वाकले. “खुपायचं का कुठे?”

बाईंनी डाव्या खांद्याच्या खाली हात नेला.

“बघा! डोकं वर घेतात तिथे सांधा येतो. मी तेच बघतो.” मामांचे हात गुडघ्यांवरून सुटले. “लोक मला कुंभकर्ण म्हणतात. म्हणू देत. आधी मी तसाच होतो. आडवं व्हायचं, वर, खाली, उठायचं, मारायचा शिक्का. मग आमची ही आजारी पडली. पडली ती उठलीच नाही. तिला भरवायच्या वेळी बेड मीच वर करायचो, माझ्या हाताने. वर जाता जाता शेवटी एक हिसका बसायचा त्याचा. रोज बसायचा. ती काही बोलायची नाही. बोलायची ताकद नव्हती राहिली, आणि ताकद असताना तरी कुठे काय बोलली होती म्हणा. गेल्यावर नर्स म्हणाली, पाठीला एवढा काळानिळा डाग होता, तुम्हाला माहीत नव्हतं का? मला कुठून माहीत असणार? मी चमचा बघत होतो, तिचं तोंड बघत होतो.”

मामा थांबले. बाई हलल्या नाहीत.

“मी काय केलं सांगू? आधी पायथ्याशी जाऊन पट्टी वाचली. बायको तिथे तशी, आणि मी पट्टी वाचतोय. आमचा नव्हता बेड. आमचा नव्हता म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून इतकी लाज वाटली...” त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. “तेव्हापासून आडवा झालो की तोंड घट्ट मिटून घेतो. मला बोलता येत नाही असं धरून चालतो. ज्याला ओरडता येतं त्याला काय हो, तो ओरडेल, कुणीतरी धावत येईल. पण ज्याला बोलता...”

इथे त्यांना कळलं, आपण कुणासमोर बोलतोय. चेहरा एकदम पडला. “तुम्हाला म्हणून नाही म्हटलं हं,” ते घाईने म्हणाले.

बाईंनी नजर काढली नाही. हनुवटी थोडी पुढे केली. बोला.

“ज्याला बोलता येत नाही ना, त्याच्यासाठी तपासायचा बेड,” मामा म्हणाले. “बाकीचे आपलं आपण बघून घेतात.”

मी कॅमेरा बंद करायचा विसरलो. कितीतरी वेळ त्या फितीत नुसती दोघं एकमेकांसमोर बसलेली आहेत. म्हणजे दिसतात मामाच. बाई त्यांच्या नजरेत तेवढ्या आहेत.

नंतर मॅडमनी छोट्या पडद्यावर ते पाहिलं. पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “नट नको.” मग बाईंकडे वळल्या. मघाशी माझ्याशी बोलल्या होत्या, आता नीट बाईंकडे बघून म्हणाल्या, “वरच्यांना मी सांगते.” बाईंनी हात जोडले आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. वायरी गुंडाळणं हे प्रोड्यूसरचं काम नव्हे, पण बाईंना कोण सांगणार?

परतताना गाडीत त्यांनी पाटी धरली, “बँकेचं काम कधी आहे?”

“पुढच्या आठवड्यात,” मी म्हणालो. मी उगाच हॉर्न वाजवला. पुढे कुणीही नव्हतं. “आणि मुलीला काय सांगणार?”

त्यांनी पाटी बाहीने पुसली. मग लिहिलं, “सुट्टीला येते.”

दोन-तीन दिवसांनी दुपारी कात्रीने आम्हाला त्याच्या खोलीत बोलावलं. मामांचा भाग जोडून झाला होता. त्याने तो लावला आणि मध्येच थांबवला.

“इथे काहीतरी आहे,” तो म्हणाला. “मामा थांबतात ना, तिथे तिथे येतंय. आधी मला वाटलं एसी असेल. ऐका.”

मला ऐकायची गरज नव्हती. त्या दिवशी हेडफोनमध्ये मी तो आवाज ऐकला होता आणि कुणाला बोललो नव्हतो. मामांच्या शब्दांच्या मागे एक बारीक, ओलसर आवाज. येतो, थांबतो, जातो. मामा लाज वाटल्याचं सांगतात तिथे तो बराच वेळ थांबतो आणि मग एकदम सुटतो.

बाई पुढे झाल्या. त्यांनी खूण केली, पुन्हा लाव. कात्रीने लावलं. पुन्हा. त्याने पुन्हा लावलं. ऑपरेशननंतर स्वतःला बाहेरून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार. त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“हो बाई,” मी म्हणालो. “तुम्हीच.”

कात्री खाली बघत होता. “इतका बारीक आहे,” तो म्हणाला, “कुणाला कळणारही नाही. राहू दे ना? आजवर तुमचे सगळे प्रश्न मी कापले, बाई. एक शब्द ठेवला नाही कधी. एवढं तरी राहू दे.”

बाई त्या पडद्यावरच्या मामांकडे बघत होत्या. मामांचं तोंड अर्धवट उघडं होतं, पुढचा शब्द यायचा होता. कात्रीचं म्हणणं मला पटलं होतं आणि बाईंनाही पटेल असं मला वाटत होतं. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, “लोक मामांना ऐकायला बसलेत.”

“पण बाई...”

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं उघडली आणि मिटली.

कात्रीने काप घेतला. एकेक जागा शोधून त्याने तो आवाज काढला आणि तिथे खोलीची रिकामी शांतता भरली. मन लावून केलं त्याने, कुठे खाच दिसू दिली नाही. शेवटी सगळं पहिल्यापासून लावलं. मामा बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते, आणि मागे काहीही नव्हतं. बाईंनी मान हलवली. चांगलं झालं होतं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या खुर्चीत बाई श्वास घेत होत्या. येत होता, थांबत होता, जात होता. कात्री आणि मी तो ऐकत बसलो.